आतून बारा, आतून वीस

देवघर कुठे आणि ओटा कुठल्या तोंडाला, यावर आमच्या घरी बैठकांवर बैठका झाल्या. गॅरेजचा विषय निघाला तेव्हा इंजिनिअर नकाशावरून मान वर न करता म्हणाले, "ते बसेल हो कोपऱ्यात. दहा बाय सोळा." आणि लगेच जिन्याकडे वळले.

हे दहा बाय सोळा बाबांच्या काळातलं माप. त्यांची मारुती ८०० रुंदीला अवघी १४४० मिलिमीटर होती. माझी नेक्सॉन १८११. म्हणजे सव्वा फुटाच्या आसपास वाढ, आणि तरी हिला छोटी गाडीच म्हणतात. त्याला कारण आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला. तेव्हापासून कंपन्या लांबी चार मीटरच्या आत दाबून बसवायला लागल्या. रुंदीला आणि उंचीला अशी अट नव्हती, तिकडे गाड्या फुगल्या. त्यात कंपनी जी रुंदी छापते ती आरसे सोडून. मी टेप लावला तर आरशापासून आरशापर्यंत साडेसहा फुटांच्या वर गेली.

रत्नागिरीजवळच्या आमच्या प्लॉटवर जमीन सपाट करून झाली होती. लाइनआउटच्या आधी मिस्त्रींना म्हटलं, गॅरेजची फक्की आधी मारून द्या, मला गाडी उभी करून बघायचीय. त्यांना गंमत वाटली, पण सुतळी बांधून दहा बाय सोळाचा चौकोन त्यांनी आखून दिला. गाडी आत घेतली. माझ्या बाजूचं दार पांढऱ्या रेघेच्या आतच नीट उघडलं. म्हटलं, चला, इंजिनिअरचं बरोबर आहे.

मग आईला उतरायला सांगितलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. ती आधी सीटवरच पूर्ण आडवी वळते, दोन्ही पाय एकदम बाहेर काढते, एक हात दाराच्या वरच्या कडेवर आणि दुसरा सीटच्या पाठीवर. त्यासाठी दार शेवटच्या खटक्यापर्यंत उघडावं लागतं. उभी राहिली की मी वॉकर पुढे धरते, तो तिच्या आणि दाराच्या मधे मावला पाहिजे; मग ती दार लागेपर्यंत दोन पावलं मागे सरकते. हे सगळं होईस्तोवर वॉकरचे दोन पाय फक्कीच्या पलीकडे, म्हणजे उद्याच्या भिंतीत गेले होते. मिस्त्री बघत होते. काही न बोलता त्यांनी सुतळी सोडवली आणि त्या बाजूची खुंटी उपटून पुढे ठोकली.

तिथून हिशोब सरळ झाला. गाडीचे सहा फूट, माझ्या बाजूला अडीच, आईच्या बाजूला साडेतीन. बारा. लांबीत गाडीचे तेरा, मागचं दार वर उघडून सामान काढायला तीन, पुढे भिंतीशी स्कूटर आडवी लावायला अडीच, आणि दीड फूट इकडेतिकडे. वीस. घरात जायचं दार आईच्याच बाजूला घेतलं, त्यामुळे ते साडेतीन फूट वाटेलाही झाले आणि गाडी न हलवता स्कूटरही तिथूनच निघते. पुण्यातल्या सोसायट्यांत अडीच मीटर बाय पाच मीटरचा पट्टा आखून देतात. तो गाडी उभी करण्यापुरता असतो. तिथून पोट आत ओढून बाहेर पडणारी माणसं मी रोज बघायचे, त्यांतली एक मीच.

कागदावर बारा आलं तरी जागेवर येईलच असं नाही, हे मिस्त्रींनी शिकवलं. "ताई, तुमचं बारा आतून की सेंटर टू सेंटर?" नकाशात सेंटर टू सेंटर होतं. कॉलम नऊ बाय पंधरा इंचांचे, आणि पंधराची बाजू आडवी, गॅरेजच्या रुंदीत. म्हणजे दोन कॉलमच्या मधे उरणार पावणेअकरा, त्यातून प्लास्टर वजा. नेमका तो कॉलम आईच्या दाराशी. इंजिनिअरना फोन केला, कॉलम फिरवता येईल का. लोखंडाचा हिशोब पुन्हा घालायला लागणार म्हणून ते जरा कुरकुरले, पण करून दिलं. आता नऊची बाजू आडवी आली, पंधराची चिऱ्याच्या भिंतीत गेली, आणि सेंटर टू सेंटर बारा फूट दहा इंच धरलं तेव्हा कुठे आतून बारा हाताला लागले.

उतार हे वेगळंच प्रकरण. घराचं जोतं रस्त्यापासून दोन फूट वर. आठाला एक उतार धरला तरी सोळा फूट लांबी हवी, आणि पुढे जागा होती दहा फूट. म्हणून गॅरेजची जमीन खाली घेतली, रस्त्यापेक्षा नऊ इंच वर. उतार सहा फुटांत बसला. घरात जायला आतून कठडा लावून छोटा उतार काढला, आईसाठी. फाटक आत उघडणारं ठरलं होतं, पण चढाला आत उघडणारी झडप जमिनीला घासते, म्हणून ते सरकतं केलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा शटरच्या बाहेर आडवी जाळीची गटारी हवीच होती. शटरचा गुंडाळाही वरचा फूटभर खातो. तुळईखाली साडेनऊ फूट ठेवले ते त्यासाठी आणि गाडीच्या वर उघडणाऱ्या दारासाठी. मीटरपासून एक रिकामा पाईप भिंतीतून आणून ठेवलाय. उद्या विजेची गाडी आली तर घरच्या चार्जरला तीसेक अँपिअर लागतात, तेव्हा भिंत फोडायला नको.

भावाचं म्हणणं, एवढा खर्च करतेस तर इनोव्हा बसेल असं कर. क्रिस्टाची लांबी ४७३५ मिलिमीटर, साडेपंधरा फूट. वीसमधे बसते, मग स्कूटरला बाहेर छप्पर काढायचं. तेवढ्यावर तो गप्प झाला.

फरशीवर मात्र एकमत होईना. मला खडबडीत चेकर्ड टाइल हवी होती, ओल्या टायरला आणि वॉकरला बरी. आईने साफ नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांसमोर गणपती होते. बारा फुटांत समोरासमोर दोन पंगती बसतात आणि मधून वाढपी आरामात फिरतो, हे तिने माझ्या आधी मोजून ठेवलं होतं. भजनी मंडळी तिथेच बसणार, फुगड्या तिथेच होणार, आणि खाचाखाचांच्या टाइलवर सांडलेली आमटी पुसायची कुणी? शेवटी मिस्त्रींकडून कोबाच करून घेतला, वरून झाडू ओढून किंचित खरखरीत केलेला. गणपतीत गाडी कुठे लावायची ते आईने अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.