सामरीची वाटणी

कोकणी माणसाला तिकीट लावून भूत दाखवणं म्हणजे कोळणीला सुकट विकायला जाण्यापैकी आहे. आमच्याकडे मुंजा पिंपळावर, गिरा पाण्यात, खवीस वाटेवर अशा रीतसर नेमणुका झालेल्या. बदली नाही, बढती नाही. तरीसुद्धा १९८४ साली रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर' काढला आणि त्यातल्या हवेलीसाठी थेट मुरूडच्या नवाबाचा वाडा गाठला. काशिदकडून मुरूडला येताना टेकडीवर दिसतो, तोच!

या रामशांचं मला फार कौतुक. १९७० साली वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' साफ पडला. पण त्यातला पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढा प्रसंग बघायला लोक येतात, हे पोरांनी बरोबर हेरलं आणि १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढून भुतांची पेढीच उघडली. सात भाऊ, धंदा एक. कोणी दिग्दर्शन करी, कोणी कॅमेरा धरी. १९९३ साली हेच रामसे 'झी हॉरर शो' घेऊन आमच्या ओटीपर्यंत आले. सात भाऊ एका धंद्यात नांदतात, यापुढे कोकणी माणसाला बाकीचं अद्भुत किरकोळच वाटणार!

परवा भाच्यानं हा 'पुराना मंदिर' मोबाइलवर लावला. भीती कसली वाटते? भूत तळहातावर, आवाज आपल्या अंगठ्याखाली! शिवाय वाडा ओळखीचा. नायिका रात्री किंचाळत पळू लागली की आमची मावशी म्हणते, "अगो, आरडतेस काय? खाली उतर, रस्ता लागेल. सकाळची अलिबाग गाडी मिळेल."

पण एका जागी मी हसायचा थांबलो. त्यातल्या सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं पेटीत साखळदंडानं बांधून ठेवतात आणि धड पुरतात देवळामागे. का, तर दोन्ही एकत्र आली की तो उठेल! आता याला भूतकथा म्हणायचं की आमच्या वाडीचा सातबारा? निम्म्या घरांचं मुंडकं डोंबिवलीत, धड इथं. दाराला कुलूप, पडवीत पालापाचोळा, आणि वाटणीचा दावा कोर्टात. संध्याकाळी त्या अंगणांवरून जाताना मला जे वाटतं, ते सामरी बघून कधी वाटलं नाही.

फरक एवढाच, की सिनेमातली माणसं धड आणि मुंडकं एकत्र येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि आमची मावशी ती एकत्र यावीत म्हणून. गणपतीत येतातही. चार दिवस वाडी उठून बसते, भांडते, मोदक खाते. मग गौरीबरोबर पुन्हा कुलपं लागतात.

ती वाजताना मात्र मावशी टीव्हीचा आवाज मोठा करते.