एस्केप दाबा, आत या

विंडोज ९८ सुरू झालं की नाव आणि पासवर्ड विचारणारी एक चौकट यायची. काही न भरता एस्केप दाबलं की संगणक निमूटपणे उघडायचा. ते कुलूप नव्हतंच मुळी. कोणाचा डेस्कटॉप मांडायचा आणि नेटवर्कवर कोण म्हणून जायचं, एवढीच ती चौकशी. समोर बसेल तो मालक. शेजारचा मुलगा असला तरी.

२००१ मध्ये एक्सपी आलं आणि घरात माणसागणिक खाती झाली. आईच्या नावापुढे पिवळं बदक, बाबांपुढे बुद्धिबळाची प्यादी. दहावीतल्या चिरंजीवांना ‘लिमिटेड’ खातं मिळे, पण त्यात निम्मे गेम चालत नसत. मग सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोड. तिथे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नावाचं एक लपलेलं खातं असे आणि होम आवृत्तीत त्याला पासवर्डच नसे. तिथून बाबांचा पासवर्ड पुसायला किती वेळ लागतो? त्यापेक्षा माऊस काढून कपाटात ठेवणारे बाप हुशार म्हणायचे.

बायोसला पासवर्ड घातला तरी असेंबल करून देणारा पोरगा मदरबोर्डवरचा चपटा सेल काढायचा, थोडं थांबून परत बसवायचा, की झालं. विंडोजचा पासवर्ड विसरला तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची; लग्नाचे फोटो हाती.

याची किंमतही होती. घरातला प्रत्येक जण अ‍ॅडमिन, म्हणजे पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरसही अ‍ॅडमिन. फॉरमॅट मारणं हे दिवाळीच्या साफसफाईसारखं ठरलेलं काम होतं. २००७ मध्ये व्हिस्टा ग्राहकांच्या हाती आलं आणि काहीही इन्स्टॉल करताना पडदा काळवंडून परवानगी मागू लागलं. लोक वैतागले, कित्येकांनी ते विचारणंच बंद करून टाकलं. लपलेलं खातंही तेव्हापासून मुळातच बंद असतं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप कूटबद्ध होते. ती काढून दुसरीकडे जोडून उपयोग नाही. अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की लागते. ती सहसा ऑनलाइन खात्यात असते, खातं ओटीपी मागतं आणि ओटीपी जुन्या नंबरवर जातो. ती की एकदा कागदावर छापून एलआयसीच्या फाइलीत लावून ठेवावी, हे मी भेटेल त्याला सांगतो.

अ‍ॅडमिन आता कित्येक घरी परदेशातला मुलगा असतो. सांगलीत वडील प्रिंटर बसवतात, खिडकी पासवर्ड मागते, व्हिडिओ कॉल लागतो. स्क्रीन शेअर केली तरी नेमकी तेवढी खिडकी पलीकडे बहुधा काळीच दिसते.

“बाबा, यस दाबू नका, आधी काय लिहिलंय ते वाचा.”

“पैसे मी भरले, अन् परवानगी तुझी होय रे?”