आधी पाणी भरून बघ

आमच्याकडे जुने भांडे मोडीत काढायचे ठरले, की आजी म्हणायची, "आधी पाणी भरून बघ. गळत असेल तर दे." हे तेव्हाच मनावर घेतले असते, तर माझी फजिती टळली असती.

मी मराठीचा विद्यार्थी. पण मला वेबसाइट तयार करण्याचा नाद आहे. गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची मी पीएचपीत लिहिली होती. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे आणलेली ही भाषा. शहरात आल्यावर मित्र हसले, "अजून पीएचपी? म्हातारी झाली रे ती!" मायबोलीचा अभिमान बाळगा म्हणून व्यासपीठे गाजवणारा मी, मलाच माझ्या भाषेची लाज वाटली! दिवाळीच्या सुट्टीत सारी सूची जावास्क्रिप्टमध्ये, नोडवर, नव्याने लिहिली. नोड आले २००९ साली, रायन डाल यांच्या हातून.

तिसऱ्याच दिवशी ग्रंथपालकाकांचा फोन. "अरे, कुणालाच काही दिसत नाही."

शोधता शोधता कारण सापडले. एका जुन्या पोथीवर लेखकाचे नावच नव्हते! ती रिकामी जागा माझ्या प्रोग्रामला पचली नाही, आणि सारा कारभार कोसळला.

पीएचपीची रीत अशी, की प्रत्येक मागणीला प्रोग्राम कोऱ्या पाटीने सुरू होतो, पान देतो आणि सारे विसरतो. चूक झाली तर एका वाचकाचे पान बिघडते. नोडमध्ये साऱ्या पंगतीला एकच वाढपी. एकाचा भात शिजेपर्यंत तो दुसऱ्याला वाढतो, म्हणून हजारो जणांना पुरतो. पण तोच घसरला तर पंगत उपाशी! दोष नोडचा नव्हे. चूक सावरण्याची तजवीज मीच केली नव्हती.

आणि 'म्हातारी' तरी कुठे थांबली होती? २०१५ च्या सातव्या आवृत्तीत तिने कितीतरी जुन्या सवयी टाकल्या, वेग वाढवला. मराठी विकिपीडियाची पाने आजही तीच घडवते.

मी काकांना सारे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. "पोथी आहे ना जागेवर?" एवढेच त्यांनी विचारले. मी मान खाली घातली. वाचकांसाठी म्हणून नव्हे, मित्रांनी हसू नये म्हणून मी भाषा बदलली होती.

जुनी सूची पुन्हा लावली. नोडही शिकतोच आहे. फक्त आता आधी पाणी भरून बघतो.