थंडी आणि पोटाचें अस्तर

थंडीचा संबंध पडशाशीं आणि सांधेदुखीशीं लावण्याची आपणां सर्वांस संवय आहे. पोटाशीं तो लावावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या मनांत तें आलें तें मातोश्रींमुळें. त्यांचें वय ७८, जठरांतील व्रणाचा विकार जुना, आणि पहांटे गार पाण्यानें माघस्नान करण्याचा नेम अद्याप अढळ! तेव्हां हा विषय आम्हांस निव्वळ जिज्ञासेचा राहिला नाहीं.

शास्त्रज्ञांचें लक्ष याकडे फार पूर्वींच गेलें आहे. थंडीनें गारठून मेलेल्यांच्या जठराच्या अस्तरावर काळसर ठिपके दिसतात, असें विश्नेव्स्की या रशियन डॉक्टरानें १८९५ सालीं नमूद केलें. न्यायवैद्यकांत ते अद्याप त्याच्याच नांवानें ओळखले जातात. पुढें १९३६ मध्यें माँट्रियल येथें हान्स सेल्ये यांनीं असें दाखविलें कीं, उंदरांस थंडींत ठेवा, जखम करा किंवा अतिश्रमानें थकवा, परिणाम एकाच धाटणीचे होतात. त्यांतील एक म्हणजे जठर व आंतडें यांच्या अस्तरावर पडणारीं क्षतें.

कारण समजण्यास कठीण नाहीं. आंतड्याचें अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचें असून दर चार-पांच दिवसांनीं तें नवें होतें. एवढी झीज भरून काढावयाची तर रक्ताचा पुरवठा अखंड हवा. कडाक्याच्या थंडींत मात्र शरीर हृदय व मेंदू यांस आधीं सांभाळतें आणि पोटाकडील रक्त आखडतें घेतें. मग जठरांतील संरक्षक श्लेष्मा कमी पडतो, आणि तेथील आम्ल घरच्याच भिंतीस खाऊं लागतें.

तथापि उंदीर म्हणजे मातोश्री नव्हेत. पुढील काळांतील पुष्कळ प्रयोगांत उंदरांस थंडींत नुसतें ठेवीत नसत, हालचाल करतां येऊं नये असें जखडून ठेवीत. कांहीं तासांतच त्यांच्या जठरांत व्रण होत. त्यांत थंडीचा वांटा किती आणि असहाय्यतेचा किती? मातोश्री तर स्वखुषीनें न्हातात! शिवाय चार तांब्यांनीं कातडी गारठते, अंतर्भाग नव्हे. माणसांतील व्रणांस बहुधा एक जंतु कारण असतो, हें मार्शल व वॉरन यांनीं दाखविलें. त्याबद्दल त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरें मोठें कारण वेदनाशामक गोळ्यांचें. थंडीनें गुडघे धरले कीं मातोश्री स्नानानंतर, पूजेपूर्वीं, उपाशीपोटींच गोळी घेत. जठरांतील श्लेष्मा व रक्तपुरवठा टिकवून धरणारीं जीं प्रोस्टाग्लँडिनें, त्यांच्याच निर्मितीस या गोळ्या अडवितात. थंडी मातोश्रींच्या पोटांत शिरत होती ती, आमच्या मतें, या आडवाटेनें.

गोळ्या आतां डॉक्टरांनीं बदलल्या आहेत. गार पाण्याविषयीं त्यांस चिंता वाटते ती पोटापेक्षां रक्तदाबाची. म्हणून आम्ही ऊन पाण्याची बादली शेजारीं ठेवितों. मातोश्री त्यांतला एक तांब्या पायांवर ओततात, आणि "तुझ्या समाधानासाठीं घेतलें हो," असें आंतूनच सांगतात.