दोन बोटं जागा

गाडी घेतली तेव्हाच ती बसकी होती. म्हणजे आधीच्या मालकाने मुद्दाम खाली बसवलेली. मिनी मुळातच एवढीशी, जेमतेम दहा फूट लांब. त्यात ही रस्त्याला आणखी चिकटलेली. बायकोने दारातूनच विचारलं, "हिची हवा गेलीय का?" म्हटलं, नाही, हिला लोअर केलंय. "म्हणजे पैसे देऊन?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बर्मिंगहॅमला येऊन मला अकरा वर्षं झाली. लाँगब्रिजचा कारखाना इथलाच. जुन्या घडणीची शेवटची मिनी तिथूनच ऑक्टोबर २००० मध्ये बाहेर पडली. १९५९ पासून सगळ्या मिळून त्रेपन्न लाखांवर झाल्या होत्या. आमच्या शेजारचे गृहस्थ त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. इंग्रज आहेत, पण घरात आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांना ते ठाऊक नाही. माझी गाडी १९९१ ची. मी सॉफ्टवेअरवाला. बाबा बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, पण मी उभ्या जन्मात पाना धरलेला नव्हता. लहानपणी डेपोत गेलो की ते म्हणायचे, "लांब उभा राहा, कपडे खराब होतील." मी चाळीस वर्षं लांबच उभा राहिलो.

माझ्या गाडीची चाकं गंजलेली, रंग उडालेली. ती बदलायची ठरवली, आणि मूळ मिनीला असायची तशी १० इंची बसवायची ठरवली. मिनीचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी आत माणसांना जागा मिळावी म्हणून चाकांची जागा कापली. इतका लहान टायर डनलॉपला मुद्दाम बनवावा लागला. हा इतिहास वाचून मी भारावलो आणि १० इंची जुनी चाकं, टायरसकट, चार नग घेऊन आलो. चाकं आहेत, गाडी आहे, जॅक आहे. अजून काय लागतं?

शनिवारी सकाळी पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली आधाराचे लोखंडी घोडे लावले आणि पान्याने नट फिरवायला घेतला. नटाबरोबर चाकही फिरायला लागलं. मी जोर लावला, चाक आणखी जोरात फिरलं. तेवढ्यात साताऱ्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल.

"काय करतोयस?"

"चाक काढतोय."

"काढतोयस का फिरवतोयस?"

नट आधी ढिले करायचे, गाडी जमिनीवर असताना. मग जॅक लावायचा. पंक्चर काढणारं पोरगंही हे सांगेल, असं बाबा म्हणाले नाहीत. फक्त फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी बाबांनी विचारलं, "बोल्ट किती सुती?" सूत म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. इंचाचे आठ भाग करायचे, एकेक भाग म्हणजे एक सूत. गाडीच्या पुस्तकात चाकाच्या बोल्टाची जाडी तीन अष्टमांश इंच दिली होती. "म्हणजे तीन सुती," बाबा खूश झाले, जणू ओळखीचं कुणी भेटलं. माझ्याकडे पान्यांचा संच होता तो मिलिमीटरचा, सेलमध्ये घेतलेला. त्यातला एक सॉकेट जवळजवळ बसत होता. जवळजवळ बसणारा पाना नटाचे कोपरे खातो, हे ज्ञान मला एका नटाच्या बदल्यात झालं. तो नट काढायला पुढे पाऊण तास लागला.

अखेर चाक निघालं. नवं, म्हणजे जुनं, १० इंची चाक उचलून लावलं. ते बोल्टांपर्यंत पोचेचना. आत ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा लोखंडी पंजा, त्याला रिम अडत होती. मी चाक थोडं फिरवून पाहिलं. गोल वस्तू दुसऱ्या बाजूने लावली तर बसेल, अशी काहीतरी कल्पना असावी. कुंपणापलीकडून काका बघत होते. तिसऱ्यांदा फिरवल्यावर त्यांना राहवलं नाही. १९८४ मध्ये मिनीच्या पुढच्या ब्रेकांना मोठ्या, ८.४ इंची डिस्क आल्या आणि त्यासाठीच चाकं १२ इंची केली, असं त्यांनी सांगितलं. १० इंची चाकात ती डिस्क मावत नाही. हे त्यांना ठाऊक असणारच. मला खरेदीपूर्वी कुंपणापर्यंत चालत जाता आलं असतं. ते आत गेले आणि चहा घेऊन आले.

मग १२ इंची ॲलॉय घेतली, पाच इंच रुंद, १६५/६० टायर. इथे एक नवा शब्द भेटला: ऑफसेट. चाक गाडीला जिथे टेकतं ती बैठक रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, ते माप. बैठक जितकी आतल्या अंगाला, तितकं चाक गाडीबाहेर डोकावतं. ॲलॉयला नटही वेगळे लागतात, त्यात एक फेरी वाया गेली. पण चाकं बसली. गाडी एकदम देखणी दिसायला लागली. चिखलपट्टीची कमान आणि टायर यांच्यामध्ये दोन बोटं जागा. मी फोटो काढले.

पुढच्या रविवारी मराठी मंडळींच्या गणपतीला निघालो. पुढे आम्ही दोघं, मागे माझा मित्र, त्याची बायको आणि मांडीवर मोदकांचा डबा. गल्ली संपेपर्यंत सगळं छान. पहिल्या गतिरोधकावर मागून आवाज आला, घर्रर्र. मित्र म्हणाला, "काहीतरी घासतंय." मी म्हटलं, जुन्या गाड्या असाच आवाज करतात. दुसऱ्या गतिरोधकावर रबर जळाल्याचा वास आला. त्यानंतर मित्र प्रत्येक गतिरोधकाला श्वास रोखून बसायचा, त्याने वजन कमी होईल अशा श्रद्धेने. परतीला ते दोघं बसने गेले.

उजेडात पाहिलं तर मागच्या टायरच्या बाहेरच्या अंगावर कमानीच्या कडेने चरा पाडलेला. शिवाय पुढच्या जुन्या चाकांचे टायर पाहिले, तर ते आतल्या कडेला जास्त झिजलेले. गाडी खाली बसवली की चाकांचे माथे आत झुकतात. याला कॅम्बर म्हणतात, मी त्याला फेंगडेपणा म्हणतो. म्हणजे दुखणं चाकांचं नव्हतंच. गाडी उचलायला हवी होती, थोडी.

बाबांना फोन लावला. "पाटे दाखव," ते म्हणाले.

"पाटे नाहीत."

"मग स्प्रिंग असतील."

"स्प्रिंगपण नाहीत."

"मग गाडी कशावर उभी आहे?"

"रबरावर."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मी कॅमेरा गाडीखाली नेला. हे काम ॲलेक्स मोल्टन यांचं. गाडी एवढी लहान की गुंडाळीच्या स्प्रिंगला जागाच नाही; म्हणून त्यांनी रबराचे जाड शंकू घातले. चाकाच्या दांड्याने एक ॲल्युमिनियमची कर्ण्याच्या आकाराची नळी, म्हणजे ट्रम्पेट, ढकलली जाते आणि ती शंकू दाबते. पुढे शंकू उभे, मागे चक्क आडवे झोपलेले. रबर जितकं दाबावं तितकं कडक होत जातं. रिकामी गाडी हलकी आणि चार माणसं बसली की वजन एकदम वाढतं, अशा गाडीला ते सोयीचं. बाबा म्हणाले, "आमच्याकडे वजन वाढलं की जादा पाटे कामाला लागायचे. यांनी एकाच रबरात दोन्ही केलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हुशार माणूस." एसटीच्या चीफ इंजिनिअरबद्दलही त्यांनी हा शब्द कधी वापरला नव्हता.

आधीच्या मालकाने मूळ ट्रम्पेट काढून आट्यांच्या, कमी-जास्त लांब करता येणाऱ्या बसवल्या होत्या. नट फिरवला की ट्रम्पेट लांब होते, गाडी वर. आखूड केली की गाडी खाली. मी मागून सुरुवात केली, कारण घासत मागे होतं. गाडी उचलली, घोड्यांवर ठेवली, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले (जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, हे बाबांनी तीनदा वदवून घेतलं) आणि शॉकअप एका टोकाला सोडवला, हात नीट जावा म्हणून. चाक आपसूक आणखी खाली लोंबलं आणि आतून टण्ण असा आवाज आला. ट्रम्पेटचं गोल टोक एका प्लॅस्टिकच्या वाटीत बसतं. वर दाब राहिला नाही म्हणून ते वाटीतून निसटून बाजूला पडलं होतं. कुंपणापलीकडून काकांनी न बघताच विचारलं, "पडली का?" चाक जास्त खाली जाऊ नये म्हणून शॉकअपच त्याला धरून ठेवतो, आणि गाडी बसकी केली की शॉकअपही आखूड लावावे लागतात, हे मला त्यांनी सांगितलं. माझे शॉकअप नेहमीच्या लांबीचे होते. आखूड शॉकअप मागवायला लागले. गाडी दहा दिवस घोड्यांवर राहिली. पोस्टमन रोज हसून जायचा.

शॉकअप आले. आता उंची. मला एक-दीड इंच वर हवी होती. पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी सहज होत होतं, त्यामुळे मी उत्साहात आटे फिरवत गेलो. अर्धा इंच झाला तेव्हा अंदाजाने थांबलो. दुसऱ्या बाजूलाही अर्धा इंच. गाडी खाली उतरवली.

मागचा भाग अडीच इंच वर गेला होता. नाक जमिनीकडे, पाठ आकाशाकडे. बायको खिडकीतून म्हणाली, "वाकून नमस्कार करतेय बघ." मागच्या चाकाचा दांडा तरफेसारखा काम करतो, ट्रम्पेटपाशी एक मिलिमीटर म्हणजे चाकापाशी साधारण पाच. पुढे साधारण तीन. मी अर्धा इंच दिला, तरफेने पाचपट केला. पुस्तकात हे त्याच पानावर होतं, माझ्या अंगठ्याखाली.

पुन्हा वर, पुन्हा आखूड. टेपने डावी-उजवी बाजू मोजली: उजवीकडे कमी. उजवी वाढवली. आता डावीकडे कमी. असं चार वेळा. पाचव्या खेपेला काका कुंपण ओलांडून आत आले. त्यांनी गाडीला हात लावला, हँडब्रेक सोडायला सांगितला, गाडी दारापुढच्या वाटेवर आठ-दहा फूट मागे-पुढे ढकलली, चारही कोपरे दाबून हलवले, आणि म्हणाले, "आता मोज." जॅकवरून उतरलेली गाडी लगेच आपल्या जागेवर येत नाही. टायर जमिनीला चिकटून राहतात, दांडे अवघडून बसतात. थोडी ढकलली की सैलावते. मी दोन तास अवघडलेल्या गाडीचं माप घेत होतो. काकांनी आणखी एक विचारलं, पेट्रोल किती आहे? टाकी डिकीत डाव्या अंगाला आणि ड्रायव्हर उजवीकडे. मग त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि माप स्वतः घेतलं.

पुढची बाजू थोडक्यात आटपली, कारण तोवर शहाणपण आलं होतं आणि हात इतके दुखत होते की आटे जास्त फिरवणं शक्यच नव्हतं.

शेवटचं काम चाकांची दिशा. वरून पाहिलं तर पुढच्या चाकांची तोंडं समांतर हवीत, एवढंच मला वाटायचं. बाबांनी सुतळी आणायला लावली. गाडीच्या दोन्ही बाजूंना, समोरून मागे, घोड्यांना ताणून बांधली, आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीचं अंतर मोजायला सांगितलं. आकडे सांगितल्यावर म्हणाले, "पुढून थोडी आत घे. एसटीत तसंच करायचो." काकांनी मान हलवली: मिनीत उलटं. मिनीची पुढची चाकं गाडी ओढतात आणि ओढताना ती आपोआप आत वळतात, म्हणून उभ्या गाडीत त्यांची तोंडं किंचित बाहेर ठेवायची, एक सोळांश इंच. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "अर्धं सूत. बरोबर आहे, ओढणारी आहे ती, ढकलणारी नाही." मग काकांना कॅमेऱ्यावर बघायचं म्हणाले. दोघांनी एकमेकांना हात दाखवला. काकांनी टाय रॉडच्या नटाकडे बोट केलं, बाबांनी होकारार्थी मान डोलावली, आणि मला मध्ये दुभाषाचं काम उरलंच नाही.

नंतर टायरवाल्याकडे मशीनवर तपासून घेतलं. त्याने एका बाजूला किरकोळ दुरुस्ती केली आणि विचारलं, "कुणी केलं हे?" मी म्हटलं, तिघांनी मिळून.

गाडी आता मागे चार बोटं आणि पुढे तीन बोटं जागा ठेवून उभी आहे. पूर्वीइतकी देखणी नाही दिसत. मित्र आणि त्याची बायको मागे बसले तरी घासत नाही. मोठ्या खड्ड्यात घासते, पण तेव्हा मी पंधराच्या वेगाने जातो. १० इंची चाकं, टायरसकट, चार नग, अजून गॅरेजमध्ये पडून आहेत. कुणाकडे १९८४ च्या आधीची, पुढे ड्रम ब्रेक असलेली मिनी असेल तर कळवा. नट वेगळे द्यावे लागतील. एकाचे कोपरे गेलेत.