समोरच्या बाजूचे वकीलसाहेब

आमच्या घरावर सर्वांत मोठे ऋण आहे ते काकांच्या वकिलांचे, म्हणजे कोर्टात आमच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे.

आमच्या गावी, हुपरीत, चांदी वजनावर कारागिरांच्या घरी जाते आणि पैंजण, वाळे, करदोडे होऊन वजनावरच परत येते. हा सगळा हिशेब आजोबांच्या वहीत होता. ते गेले आणि तीन दावे उभे राहिले: काकांचा वाटपाचा, आत्याचा तिच्या हिश्श्याचा, वडिलांचा दुकानाबाबत मनाईचा. पहिले दोन इचलकरंजीच्या दिवाणी न्यायालयात वरिष्ठ स्तराकडे, तिसरा कनिष्ठ स्तराकडे. पक्षकार तेच, उतारे तेच, वही तीच. साक्षीदारही तेच, आमच्या गल्लीतले एक म्हातारे कारागीर. इचलकरंजीची तारीख लागली की त्यांचा दिवसाचा रोजगार बुडायचा.

आमच्या वकिलांनी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली अर्ज दिला: मनाईचा दावा वरिष्ठ स्तराकडे वर्ग करा, म्हणजे तिन्ही एकत्र चालवता येतील. अमेरिकेत १९६८ पासून अशा कामासाठी सात न्यायाधीशांचे मंडळच आहे. ठिकठिकाणचे एकाच विषयाचे दावे ते पूर्वतयारीसाठी एका न्यायाधीशाकडे सोपवते. आपल्या संहितेत दाव्यांच्या एकत्रीकरणाचे स्वतंत्र कलमही नाही. कलम १५१ च्या अंगभूत अधिकारात न्यायालय ते करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली चितीवलसा जूट मिल्सच्या प्रकरणात सांगितले. तिथे तागाच्या पोत्यांच्या एकाच व्यवहारावरून एक दावा आंध्रात आणि दुसरा मध्य प्रदेशातल्या रीवा इथे चालू होता.

आमच्या अर्जाला विरोध करून काकांच्या वकिलांना वर्षे काढता आली असती. तिन्ही दाव्यांत काकांच्या बाजूने तेच होते, फीही तिन्हींची मिळाली असती. त्यांनी अर्जावर ‘हरकत नाही’ लिहून सही केली. काका चिडले, तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, “भावाशी भांडायचंय ना? मग एकदाच भांडा. त्या म्हाताऱ्याला किती वेळा उभं करायचं?”

पुरावा वाटपाच्या दाव्यात नोंदला गेला आणि तिन्हींत वाचला गेला. कारागीर एकदाच साक्षीला उभे राहिले. त्यांचा उलटतपास मात्र याच वकीलसाहेबांनी कडक घेतला. आपल्या पक्षकाराच्या कामात त्यांनी कसूर केली नाही. निकाल एक, हुकूमनामे तीन. वडिलांचा मनाईचा दावा फेटाळला गेला. पण तोवर दोघे भाऊ एकाच तारखेला एकाच व्हरांड्यात ताटकळत होते, एकाच एसटीने हुपरीला परतत होते. आधी उन्हावर बोलले, मग चांदीच्या भावावर, मग आत्याच्या तब्येतीवर.

पुढे वकीलसाहेब नातीसाठी वाळे घ्यायला वडिलांच्या वाट्याला आलेल्या दुकानात आले. वडील पैसे घेईनात. वकीलसाहेबांनी वाळे काट्यावर ठेवायला लावले, त्या दिवसाचा भाव विचारला आणि मजुरीसकट पैसे मोजून दिले.