पदराची मागची बाजू

ताईची पैठणी बांगडीत अडकली ती नागपंचमीला. वारुळाला जाऊन आलो, ताई पदर सावरायला गेली आणि हिरव्या बांगडीच्या सांध्यात पदराच्या आतला एक लाल धागा अडकून वीतभर बाहेर आला. आईने तिला ओसरीवर बसवलं, पदर उलटा केला आणि दोघी बघतच राहिल्या. पुढून चोची जुळवून बसलेले पोपट, मागून मात्र लाल, हिरव्या, पिवळ्या धाग्यांचा नुसता गुंता. काही धागे कापलेले, काही या फुलावरून त्या फुलावर मोकळे गेलेले. आमच्या गल्लीत एक येवल्याची माहेरवाशीण होती, तिला आईने ती साडी दाखवली. तिने हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "वहिनी, ही मशीनची आहे."

ही साडी बाबांनी ताईच्या लग्नासाठी २००९ मध्ये १४ हजारांना घेतली होती. शहरातल्या एका मोठ्या दुकानात, गादीवर बसून, चहा पिऊन. विक्रेत्याने ती अंगावर टाकून दाखवली आणि अस्सल हातमागाची म्हणून सांगितलं. त्या वर्षीच्या लाल कांद्याचे पैसे बाबांनी त्या साडीसाठी बाजूला काढले होते. बस्ता बांधून झाला, मानापानाच्या साड्या झाल्या, आणि शेवटी ते म्हणाले होते, "आता माझ्या पोरीची पैठणी." बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. तिघींनी मिळून तसं ठरवलंही नाही, आपोआपच गप्प बसलो.

माझं लग्न २०१४ च्या वैशाखात ठरलं. शालू सासरकडून यायचा. होणाऱ्या सासूबाईंच्या मनात बनारसी शालू होता, लालभडक, अंगभर जरीचा. त्यांनी मला नाशिकला नेऊन दोन-तीन दाखवलेही. साड्या सुंदर होत्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण मला पैठणी हवी होती, आणि ती दुकानातून नको, जिथे विणतात तिथूनच हवी होती. हे त्यांना कसं सांगावं कळेना. शेवटी धीर करून म्हटलं, "मावशी, शालूऐवजी साधी पैठणी घेतली तर चालेल का? एकच काठ-पदर असलेली. पण येवल्याची."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात शालू माझ्या चुलतजावेचा होता गं. सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून परत दिला. म्हणून मनात होतं, सुनेला भरगच्च घ्यायचं." मला काय बोलावं सुचलं नाही. मीच म्हणणार होते की राहू द्या, शालूच घेऊ. पण त्याच म्हणाल्या, "येवल्याला मीपण येते. बघू दे मला, कशी विणतात ती."

जानेवारीतल्या एका मंगळवारी आम्ही निघालो. बाबा, आई, ताई, सासूबाई आणि मी. निफाडहून विंचूरमार्गे येवला तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी पात, मध्येच द्राक्षाच्या बागा. येवल्याची ओळख बाकीच्या महाराष्ट्राला दोन-तीन कारणांनी आहे. तात्या टोपे इथले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केली ती याच गावात. आणि पैठणी. पैठण गोदावरीकाठी, तिथलं नाव या वस्त्राला मिळालं, पण आज सगळ्यात जास्त माग वाजतात ते येवल्यात. रघुजी नाईकांनी पैठणहून विणकर इथे आणून वसवले, असं गावात सांगतात. पेशव्यांच्या काळात या कापडाला मोठी मागणी होती. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं मी आधी वाचून गेले होते. पण माग काही मी कधी पाहिलेला नव्हता.

एका ओळखीच्यांनी घर सांगितलं होतं. दाराशी चपला काढून आत गेलो तर पुढच्याच खोलीत माग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून काका बसलेले, समोर ताणलेले जांभळे उभे धागे. कोपऱ्यात काकू चरख्यावर कांड्या भरत होत्या. रेशीम बेंगळुरूकडून येतं आणि जर सुरतेहून, त्यांनी सांगितलं. पूर्वी जर खऱ्या सोन्या-चांदीची असायची. हल्ली ती मागणीप्रमाणे कमी-जास्त भावाची मिळते, आणि साडीच्या किमतीत तिचाही वाटा असतो.

काका पदर विणत होते. पदरावर मुनिया होती, म्हणजे तो छोटा हिरवा पोपट. मी मागाजवळ जमिनीवर बसून पाहू लागले. पोपटाच्या चोचीची लाल कांडी वेगळी, अंगाची हिरवी वेगळी, भोवतालच्या जरीची आणखी वेगळी. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या लोंबत होत्या. काका दोन बोटांनी मोजून चार-पाच उभे धागे उचलत, त्याखालून लाल कांडी घालत, लगेच मागे फिरवत. मग त्याच ठिकाणी शेजारच्या रंगाशी ती अडकवत आणि पुढची कांडी घेत. सगळ्या कांड्या एकदा फिरल्या की फणी ओढून ठोकत. तेवढ्या खटपटीत पोपटाची चोच एका धाग्याने वाढायची. इतकंच. मी बसले होते तोवर चोच पूर्ण होऊन डोळ्यापाशी काम आलं होतं.

"दिवसाला किती होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"पदराला आल्यावर बोट-दोन बोटं. अंग भरभर उतरतं. पदरच वेळ खातो."

साधा पदर असेल तर महिना-दीड महिना. अंगभर नक्षी, काठावर मुनियांची रांग आणि पदरावर बांगडीमोर असेल तर वर्षही लागतं, आणि किंमत लाखाच्या पुढे जाते. काठही निरनिराळे, नारळी, पंखी. रंगांना जुनी नावं आहेत. पोपटी तो राघू, पांढरा तो शिरोदक, आणि काळ्या अंगाला लाल काठ ती काळी चंद्रकळा. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घातला की साडी हलताना रंग पालटते, त्याला काका धूपछाँव म्हणाले. सासूबाईंनी एका तयार साडीची घडी उजेडात धरून हलवली. जांभळ्यातून राणी रंग आला आणि गेला. त्यांनी पुन्हा हलवली. तिथेच मला कळलं की शालूचा विषय संपला.

मग त्यांनीच विचारलं, "पण खरी कशी ओळखायची?"

काकांनी तयार साडीचा पदर उचलून उलटा टाकला. "हे बघा. पुढून पोपट, मागूनही पोपटच. धागा ज्या फुलात लागतो तेवढ्यातच फिरतो, बाहेर जात नाही. यंत्रमागावर रंगीत धागा मागून मोकळा जातो, मग तो कापतात नाहीतर तसाच राहतो. बांगडीत, जोडव्यात अडकतो."

खोलीत एकदम शांत झालं. आईने खाली पाहिलं. ताई खिडकीकडे बघत होती.

बाबांनी पदर हातात घेतला. त्यांच्या हाताला मातीच्या भेगा, त्या रेशमाला लागू नयेत म्हणून त्यांनी आधी तळहात धोतराला पुसले. पदर पुढून पाहिला, उलटून पाहिला, पुन्हा पुढून पाहिला. मग विचारलं, "आणि मागून धागे मोकळे असले, तर ती काय भावाची?"

"दादा, ती वाईट नसते. दिसायला छानच असते. पण दोन-तीन हजारांची. फार तर चार."

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांना उत्तर मिळालं.

त्यानंतर आमचं ठरायला वेळ लागला नाही. वांगी रंग, आत राणी रंगाचा धागा, नारळी काठ, एक पदर, त्यावर मुनिया. २२ हजार. सासूबाईंनी पिशवीतून रुमालात बांधलेले पाच हजार विसार म्हणून दिले. मार्च अखेरीला न्यायला या, काका म्हणाले. आम्ही उठलो, चपला घातल्या, आणि बाबा मात्र मागेच राहिले. मी परत दारात आले तेव्हा ते काकांना हळू आवाजात विचारत होते, "अजून एक सांगितली तर? मोठीसाठी."

ताईने ऐकलं. ती आत गेली आणि बाबांच्या दंडाला धरून म्हणाली, "बाबा, नको. मी तीच नेसून तुमच्या घरातून निघाले. माझी तीच पैठणी."

परतीच्या वाटेवर बाबा विंचूरपर्यंत बोलले नाहीत. तिथे चहाला थांबलो तेव्हा त्यांनी ताईचा कप स्वतः आणून तिच्या हातात दिला.

मार्च अखेरीला मी आणि आई साडी आणायला गेलो. काकांनी नुकतीच ती मागावरून उतरवली होती. काकू उरलेल्या उभ्या धाग्यांच्या टोकांना नव्या साडीचे धागे एक-एक करून जोडत बसल्या होत्या. काही हजार धागे असतात, ते सगळे असेच बोटांनी वळून जोडायचे. नवी साडी राघू रंगाची होती. कोणाची, विचारलं नाही.

हळदीच्या आदल्या रात्री घर पाहुण्यांनी भरलं होतं. पाणी प्यायला उठले तर आतल्या खोलीत दिवा. ताईची साडी उलटी पसरलेली, आणि आई पदराच्या मागून बारीक जाळीचं कापड शिवून लावत होती, म्हणजे लग्नात बांगड्या अडकायला नकोत. आईला रात्री सुईचं नेढं दिसत नाही. शेजारी चष्मा लावून बाबा बसले होते. दोरा संपला की आई सुई पुढे करायची, आणि बाबा ती दिव्याजवळ धरून ओवून द्यायचे.